कापसातून प्रवास करणारी अंडी

गाणगापूरच्या संगमावर आपण भीमेत उतरतो, तेव्हा त्या पाण्यात लोणावळ्याचा पाऊसही असतो. तिकडे उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदी करत भीमेला मिळते, मुळा-मुठाही याच पात्रात येते आणि मग हे सगळं पाणी कलबुर्गी जिल्ह्यातून कृष्णेकडे निघतं. या पाण्याचा एक मानकरी मासा आहे, महाशीर. निळसर पर, मोठमोठे खवले, पुरात प्रवाहाविरुद्ध चढून जाण्याची ताकद. १८३९ साली कर्नल साइक्सने त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, ते मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून.

महाशीर पाहायला माणसं फार पूर्वीपासून जातात. देहूच्या डोहात तो देवाचा मासा. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनीच्या भक्तांनी कुरमुरे टाकले की माशांची झुंबड उडते, पण त्यांना धरायचं कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मते मासे पाहण्याची आपल्याकडची परंपरा या डोहांपासूनच मोजायला हवी. युरोपात फ्रान्सच्या सरकारने १८५२ साली हुनिंगला मत्स्यबीज केंद्र उभारलं आणि देशोदेशीचे जाणकार ते बघायला गेले. अमेरिकेत ऑरेगनच्या बॉनव्हिल केंद्रात तर हर्मन नावाचा दहा फुटी स्टर्जन काचेपलीकडे पोहताना दिसतो, आणि त्याला भेटायला कुटुंबंच्या कुटुंबं येतात.

डोहावर मासा दिसतो, त्याचा जन्म मात्र दिसत नाही. महाशीर पावसाळ्यात वरच्या अंगाला, गोट्या-वाळूच्या स्वच्छ वाहत्या पाण्यात अंडी घालतो. धरणांनी ती वाट अडवली. लोणावळ्यातलं वळवण धरण १९१६ सालचं, टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचं. त्याच टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या सुमारास लोणावळ्यात महाशीराची पैदास हाती घेतली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. राज्याचे मत्स्यसंचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर शशांक ओगले यांनी जन्माची ही गोष्ट माणसाच्या नजरेसमोर आणली.

पावसाळ्यात तयार मादी हलक्या हातांनी धरतात, पोट हळुवार दाबत नेतात आणि पिवळसर अंडी कोरड्या भांड्यात उतरतात. त्यावर नराचं वीर्य, मग पक्ष्याच्या पिसाने अलगद ढवळणं. नखसुद्धा लागता कामा नये, म्हणून पीस! अंडं ज्वारीच्या दाण्याहून थोडं लहान, पण माशाच्या मानाने चांगलंच मोठं आणि जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. ट्रेमध्ये संथ वाहतं पाणी सोडलं की साधारण ६० ते ८० तासांत पिल्लू बाहेर येतं. पोटाला पिवळ्या अन्नाची पिशवी लटकलेली. त्याला उजेड सोसत नाही. शेकडो पिल्लं कोपऱ्यात डोकी खुपसून, शेपट्या हलवत एकमेकांवर रेटून राहतात. वाहत्या नदीत दगडाच्या फटीत लपायचं, ही समज ती अंड्यातूनच घेऊन येतात.

याहून मोठं नवल पुढे आहे. ही अंडी पाण्याविना प्रवास करू शकतात. ओल्या कापसाच्या थरांत ठेवून ती विमानाने पाठवता येतात, हे कुलकर्णी आणि ओगले यांनी १९७९ साली शोधनिबंधातून मांडलं. पाण्याची जड पिंपं नकोत, प्राणवायूच्या पिशव्या नकोत. अनेक राज्यांच्या मत्स्य खात्यांनी लोणावळ्याहून महाशीराचं बीज नेलं. एकेकाळी धोक्यात असलेला हा निळ्या परांचा महाशीर पुढे आंतरराष्ट्रीय लाल यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात आला.

पण लोणावळ्याच्या बीजातली काही बोटुकली कावेरीत सोडली गेली. तिथला स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला, आणि जगात दुसऱ्या कुठल्याच नदीखोऱ्यात न सापडणारा. बाहेरून आलेला निळ्या परांचा मासा तिथे फोफावला, मूळचा घटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. वाळू उपसा, धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणं आहेतच, तरी पाहुण्या माशाचा वाटा शास्त्रज्ञ ठामपणे सांगतात.

म्हणून मत्स्यबीज केंद्र पाहायला मुलांना न्यावं, तेव्हा ट्रेमधल्या पिल्लांइतकंच लक्ष नकाशाकडे वेधावं असं मला मनापासून वाटतं. अशा प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर नदीखोऱ्यांचा मोठा नकाशा हवा. कलबुर्गीच्या मुलाने भीमेवर बोट ठेवून गाणगापूरपासून उलटं, वर वर, लोणावळ्यापर्यंत यावं आणि तिथल्या माणसाला विचारावं, "हा मासा आमच्या नदीत सोडला तर चालेल ना?"