डिंकाचा डाग

सीडी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली, तर तिच्यातून पलीकडची ट्यूब दिसली. नखाएवढी चौकोनी खिडकी पडली होती. दुसऱ्या हातात स्टिकर होता आणि त्याच्या पाठीला आरशाचा पातळ पापुद्रा. एका घरगुती मैफलीचं रेकॉर्डिंग कुणीतरी सीडीत भरून दिलं होतं आणि तारीख लिहिलेला स्टिकर सीडीवरच, अगदी कडेला, डकवला होता. काही वर्षांनी त्याचा डिंक कडांनी काळा पडला, सीडी प्लेअरमध्ये अडकायला लागली. मी नख घातलं आणि ओढला.

नंतर सीडी लावून पाहिली. पहिल्या आलापापासून सगळं नीट वाजलं. गेली ती फक्त भैरवी.

ती का गेली, हे समजायला मला बराच काळ लागला. रेकॉर्ड बाहेरून आत वाजते, सीडी मात्र मधल्या भोकापासून कडेकडे. म्हणजे मैफलीचा शेवट कडेलाच असणार. आणि स्टिकर चिकटला होता त्याच बाजूला गाणं होतं, हे तर मला माहीतच नव्हतं. सीडी हातात आली की आपण चकचकीत बाजूला जीवापाड जपतो. ती वर करून ठेवतो आणि नाव छापलेली बाजू खुशाल टेबलावर घासू देतो. खरं तर हे उलट करायला हवं. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती. खाचा तिच्या माथ्यावर, त्यांच्यावर धातूचा मुलामा, त्यावर केसापेक्षाही कितीतरी पातळ असा लॅकरचा थर आणि वर छपाई. लेसर खालून येतो, अख्खी जाडी पार करतो आणि नावाच्या पाठीला लागून असलेलं गाणं वाचतो. खालचा ओरखडा त्याला चष्म्यावरच्या डागासारखा धूसर दिसतो. वरचा ओरखडा मात्र थेट गाण्यावरच. घरी भरलेल्या सीडीचा मुलामा तर फारच नाजूक असतो, स्टिकरबरोबर सहज उठून येतो.

पुढच्या चकत्यांमध्ये हा मजकूर हळूहळू खाली सरकत गेला. डीव्हीडीत तो दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांच्या मधोमध, सँडविचमधल्या चटणीसारखा, म्हणून डीव्हीडीवरचा स्टिकर काढताना छाती एवढी धडधडत नाही. ब्लू-रेमध्ये तो चकचकीत बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर येऊन बसला. तिथे जपायची ती खालचीच बाजू, आणि म्हणूनच तिच्यावर मुद्दाम कठीण लेप दिलेला असतो. गेम जमवणाऱ्यांना हे ठाऊक असायलाच हवं, कारण त्यांच्या एकाच कपाटात तिन्ही जाती नांदतात. १९९४ साली जपानात आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर, नंतरच्या प्लेस्टेशन २ चे बहुतेक डीव्हीडीवर आणि प्लेस्टेशन ३ चे ब्लू-रेवर. त्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी खालून काळ्याभोर असतात. ती काजळी नव्हे, प्लास्टिकलाच दिलेला रंग आहे. आपल्या डोळ्यांना तो काळा दिसतो, अवरक्त लेसरला मात्र तो काचेसारखा आरपार. तेव्हा घासून उजळायच्या भानगडीत पडू नये.

भाड्याने सीडी देणारी दुकानं गल्लोगल्ली होती तेव्हा प्रत्येक चकतीवर नंबराचा एक स्टिकर असायचाच. तो तसाच राहू द्यावा, असं कुणाला वाटेल. पण चकती मिनिटाला शेकडो फेरे घेते, संगणकात तर हजारो. एका बाजूचा कागद तिचा तोल बिघडवतो, ती थरथरते, आणि अर्धवट सुटलेला स्टिकर यंत्राच्या पोटात जाऊन बसतो. म्हणजे काढणं भागच.

कसा काढायचा, याचं उत्तर मला कोकणातल्या फणसाने दिलं. फणस कापायला बसणारी बाई आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोपडते. चीक पाण्याला दाद देत नाही, साबणालाही नाही. तेलापुढे मात्र नमतो. जुन्या स्टिकरचा डिंक बहुतेक वेळा या चिकाचाच भाऊबंद, रबराच्या कुळातला. कागद आधी नुसत्या ओल्या बोटाने भिजवून अलगद काढावा. मागे राहिलेल्या चिकट डागावर कापसाने खोबरेलाचे दोन थेंब टेकवावेत आणि दहा मिनिटं दुसरं काहीतरी करावं. या दहा मिनिटांतच बहुतेकांचा धीर सुटतो. मग अंगठ्याच्या पेराने हलकेच चोळलं की डिंकाच्या करड्या शेवया वळायला लागतात. त्या उचलायच्या, पुन्हा थेंब, पुन्हा पेर. नख नको, ब्लेड नको. चिकटपट्टी दाबून उचलायची युक्ती सीडीच्या नावाच्या बाजूला तर मुळीच करू नये. माझी भैरवी साधारण तशीच गेली. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात टाकून ओशटपणा धुवायचा आणि चष्म्याच्या फडक्याने टिपायचं.

पुसायची दिशाही ठरलेली. सीडी भोकापासून कडेकडे, सायकलच्या आऱ्यांसारखी सरळ पुसायची. सीडीचा मजकूर असा विखरून लिहिलेला असतो की मार्गातले दोन-अडीच मिलिमीटर सलग पुसले गेले तरी प्लेअर हिशेबाने ते भरून काढतो. आऱ्यासारखा सरळ ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच खातो, गोल ओरखडा एकाच फेऱ्याचा लांबलचक घास घेतो. काळ्या रेकॉर्डचं नेमकं उलट. तिथे फडकं खाचेच्या चालीने गोलच फिरायला हवं.

खालच्या बाजूचा डाग तेलाने हटला नाही, तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपिल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिटच, चालतं. नावाच्या बाजूला नको, छपाई उतरते. आणि नेलपॉलिश रिमूव्हर घरात असलं तरी त्याच्याकडे पाहूही नये. त्यातल्या ॲसिटोनने पॉलिकार्बोनेट दुधाळ होतं, बारीक तडे जातात, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

आयसोप्रोपिलने एकदा काम फत्ते झालं की माणूस त्याच बाटलीने सगळंच पुसायला निघतो. इथे घात होतो. आजोबांच्या काळातली जड, पडली की फुटणारी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. झाडांवरच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून ती दाबलेली. आता सुतार कपाटाला पॉलिश कसं करतो ते आठवा. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवतो आणि बोळ्याने फिरवतो. तबकडीवर स्पिरिट लावलं की तेच होतं, फक्त पॉलिश होते ती खाच. कापूस काळा व्हायला लागला की वाटतं, किती मळ निघतोय! तो मळ नसतो, तबकडीच असते.

लाखेच्या तबकडीला साबणाच्या थेंबाचं कोमट पाणी, तेही झटपट, कारण आतली भर पाणी पिते. मधलं कागदी लेबल कोरडंच राहायला हवं. विनाइलच्या एलपीला पातळ केलेलं आयसोप्रोपिल सोसतं, उष्णता सोसत नाही. डिंक सैल करायला हेअर ड्रायर धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर डिंकही राहतो आणि तबकडीची पापडासारखी लाट होते. पुठ्ठ्याच्या कव्हरवर मात्र हाच ड्रायर, मंद आणि लांबून धरलेला, उपयोगी. तिथे खोबरेल कधीच नको, तो डाग जन्माचा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी अशा तबकड्या अजून सापडतात. गेल्या वेळी एक नाट्यपदांची मिळाली. कव्हरवर विकणाऱ्या दुकानाचा छोटा तांबूस स्टिकर, अर्धा उडालेला, खाली टेलिफोनचा सहा आकडी नंबर. हेअर ड्रायर, कापूस, फडकं, सगळं टेबलावर मांडून बसलो होतो. तबकडी पुसली. स्टिकरची सुटलेली कड मात्र भाताच्या खळीने पुन्हा चिकटवून टाकली.