ओझें डोळ्यांनीं जोखतां येतें काय ?

मुंबई-भुसावळ मार्गावरील मनमाड जंक्शनांत दौंडकडील व मराठवाड्याकडील फांटे येऊन मिळतात. गाडी बदलणाऱ्या उतारूंचें सामान या फलाटावरून त्या फलाटावर नेणें हें तेथील हमालांचें नित्याचें काम. हमाल डोक्यावर चुंबळ ठेवतो, ट्रंक उचलतो आणि चालूं लागतो. ट्रंक रिकामी आहे कीं भांड्यांनीं भरलेली, हें दूर उभ्या असलेल्या मनुष्यालाहि बहुधा चटकन् कळतें. वजन तर डोळ्यांना दिसत नाहीं. मग दिसतें तें काय?

दिसते ती शरीराची तडजोड. जड वस्तु हातांत घेतली कीं मनुष्य व वस्तु यांचा मिळून होणारा गुरुत्वमध्य ओझ्याच्या बाजूस सरकतो, आणि तोल राखण्यासाठीं धडाला उलट दिशेस झुकावें लागतें. उचल मंदावते, पाऊल जपून पडतें. हे नियम कोणासहि मोडतां येत नाहींत. म्हणूनच अंगाच्या हालचालींत ओझ्याची खूण उमटल्यावांचून राहत नाहीं.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनीं १९७३ सालीं दाखवून दिलें कीं, अंधारांत केवळ सांध्यांवरील प्रकाशबिंदु हालतांना दिसले तरी मनुष्य चालत आहे हें ओळखूं येतें. पुढें रूनेसन व फ्रिकहोल्म यांनीं १९८१ सालीं याच रीतीनें पेटी उचलणारीं माणसें दाखविलीं, तेव्हां पाहणाऱ्यांनीं पेटीच्या वजनाचा बराच बरोबर अंदाज केला. १९८३ च्या त्यांच्या प्रयोगांत तर उचलणारांनीं पेटी अधिक जड वा हलकी असल्याचें सोंग आणलें. पण पाहणाऱ्यांना सोंगहि दिसलें आणि त्याआडचें खरें वजनहि!

तरीहि नजर म्हणजे तराजू नव्हे. लंडन येथें केलेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, पाहणारा त्याच वेळीं स्वतः हलकी पेटी उचलीत असला तर दुसऱ्याची पेटी त्याला अधिक जड भासते, आणि स्वतः जड उचलीत असला तर ती हलकी भासते. म्हणजे दुसऱ्याचे श्रम जोखतांना पाहणाऱ्याचे स्वतःचे स्नायूहि त्या निवाड्यांत हात घालतात.

फलाटावर मजुरीची घासाघीस चालते ती पुष्कळदां अशाच नजरेच्या भरंवशावर. सराईत हमालाची चाल डौलदार दिसते. पण त्या डौलानें ट्रंकेचें वजन मासाभरहि घटत नाहीं, आणि तें सारें त्याच्या मानेलाच पेलावें लागतें. म्हणून भाव पाडण्यापूर्वीं उतारूनें आपली ट्रंक एकदां स्वतः जमिनीवरून उचलून पाहावी, हें बरें.