काळ्या रानात गाडी: टू-एच, फोर-एच की फोर-एल?

मंडळी, वालूरच्या आसपास पाऊस झाला की पाणंद रस्त्याचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ही काळी कापसाची जमीन. तिच्यातली माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते, की टायर गुळगुळीत होतो. मग ताकद चारही चाकांना दिली, तरी चारही जागीच फिरतात.

म्हणून लिव्हर चिखलात शिरायच्या आधी टाकायचा. फोर-एल बहुतेक गाड्यांत गाडी उभी करूनच पडतो, आणि चिखलात थांबलात तर संपलंच! फोर-एलमध्ये वेग घटतो, चाकावरची ओढ वाढते. पण पहिला गिअर नको, त्यात चाक लगेच सुटतं. दुसरा घ्या, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा. रुतलात तर रेस वाढवू नका, चाक स्वतःचाच खड्डा खोदतं आणि गाडी पोटावर बसते. उतरा, फावडं घ्या.

दुधनेच्या कोरड्या वाळूत गती टिकवावी लागते, म्हणून फोर-एच आणि टायरची हवा थोडी कमी. (नंतर भरायची आठवण ठेवा.) मुरमाचा तीव्र उतार असला तर फोर-एल, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही.

आता मागून प्रश्न आलाय, "फोर-एच कायमच ठेवला तर?" कोरड्या डांबरीवर नको. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. लिव्हरच्या साध्या गाडीत हा फरक सोसायला मधे डिफरन्शियल नसतं, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. सेलूचा डांबरी रस्ता लागला, की टू-एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं.