गाडीचं ‘दुसरं’ तेल: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलची लेव्हल कशी बघायची?



सुरुवातीलाच दोन प्रश्न. पहिला: तुमच्या गाडीचं इंजिन ऑईल शेवटचं कधी बदललं? हे बऱ्याच जणांना सांगता येईल. दुसरा: गिअरबॉक्सचं ऑईल शेवटचं कधी तपासलं?

...बघा, झाली ना शांतता!

माझ्या मामाकडे एक जुनी व्हॅन आहे. जुन्नरहून भाजी भरायची, माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणच्या मार्केटला पोचवायची, हा त्याचा रोजचा धंदा. मध्यंतरी गाडीचा वेग साठच्या पुढे गेला की मागून ‘ऊंऽऽ’ असा आवाज यायला लागला. मामा म्हणाला, “टायर आवाज करतायत.” टायर बदलले, आवाज तसाच. मग एके पहाटे घाटात मागून कडकड झालं आणि गाडी जागीच थांबली. मिस्त्रींनी डिफरन्शियलचा प्लग खोलला, तर आत तेल जवळजवळ नव्हतंच. एक सील कित्येक महिने थोडं थोडं गळत होतं. सर्व्हिसिंग वेळेवर व्हायचं हो, पण ‘ऑईल बदललं’ म्हणजे दर वेळी इंजिनचंच! क्राऊन-पिनियन, बेअरिंग सगळं नवीन घालावं लागलं. आठवडाभर भाजी दुसऱ्याच्या टेम्पोने गेली, भाडं मामाच्या खिशातून. आणि मूळ दुखणं काय, तर एक रबरी सील.

हे तेल असतं कुठे?

बैलगाडीची दोन चाकं आसावर आपापली फिरतात, त्यामुळे वळताना अडचण येत नाही. गाडीत मात्र एकच इंजिन दोन्ही चाकांना ढकलतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना ताकद मिळावी आणि तरी वेगवेगळ्या वेगाने फिरता यावं, यासाठी डिफरन्शियल असतो.

स्विफ्ट, आय-टेनसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत बसलेला असतो. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर सहसा दोघांना तेल एकच. ईको, बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागच्या अॅक्सलच्या मधे जो गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. त्याचं तेल वेगळं. थारसारखी फोर बाय फोर असेल तर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल, अशा चार जागा बघायच्या.

आता आजची मुख्य गोष्ट. इंजिन थोडं ऑईल जाळतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तेल जाळत नाहीत. म्हणजे लेव्हल कमी झाली असेल, तर तेल कुठून तरी गळलंय. नुसतं टॉप-अप करून भागत नाही, गळती शोधावी लागते. आणि साध्या मॅन्युअल गाडीत या तेलासाठी डॅशबोर्डवर कुठला लाल दिवा पेटत नाही. आपण विचारलं नाही, तर कुणी सांगणार नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल: बोट हीच डिपस्टिक

इथे सहसा इंजिनसारखी डिपस्टिक नसते. पेटीच्या बाजूला एक प्लग असतो, त्याला फिलर प्लग म्हणतात. बहुतेक गाड्यांत लेव्हलही तिथूनच कळते.

१. गाडी सपाट हवी. एकच बाजू उचलली तर तेल एकीकडे जातं आणि लेव्हल खोटी दिसते. गॅरेजची लिफ्ट किंवा खड्डा (पिट) उत्तम. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. ही गंमत नाही, जॅक सटकतो.

२. गाडी नुकतीच पळवून आणली असेल तर थोडं थांबा. तेल खाली बसू द्या, सायलेन्सरचा पाइपही थंड होऊ द्या.

३. प्लगच्या आजूबाजूची माती ब्रशने साफ करा, नाहीतर तीच आत पडते.

४. प्लग खोला. तेलाची बारीक धार आली तर लेव्हल भरपूर आहे. नाही आली तर करंगळी आत घालून खाली वाकवा. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असलं की लेव्हल बरोबर. बोट कोरडं आलं तर कमी.

५. कमी असेल तर पंपाने किंवा मोठ्या सिरिंजने भरा. भोकातून परत बाहेर यायला लागलं की थांबा. जास्त ठासून भरलं तर फेस होतो आणि सीलवर दाब येतो.

तेल बदलायचं असेल तर एक नियम पाठ करा: आधी वरचा फिलर प्लग खोलायचा, मगच खालचा ड्रेन प्लग. उलटं केलं आणि फिलर गंजून जाम निघाला, तर तेल सगळं खाली आणि नवीन भरायला वाटच नाही!

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप दिसतो. तो घाबरण्यासारखा नाही, गिअरची रोजची झीज आहे. पण लोखंडाचे तुकडे किंवा दाताची टवकी दिसली, तर गाडी पुढे पळवू नका.

ऑटोमॅटिक असेल तर?

इथे ‘सगळ्यांना एकच पद्धत’ चालत नाही. ज्या ऑटोमॅटिकना डिपस्टिक आहे, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत तेल गरम, इंजिन चालू, लिव्हर ‘पी’मध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितीत लेव्हल बघतात. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात. गाडीचं पुस्तक काढा, त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नाही, ठरावीक तापमानाला लेव्हल बघावी लागते. ते काम वर्कशॉपवर सोडा. तेल काळपट आणि जळका वास असेल तर आत काहीतरी बिनसलंय.

एएमटीवाल्यांनो, तुमचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच आहे. फक्त काही मॉडेलमध्ये गिअर आणि क्लच हलवणाऱ्या यंत्रणेचं तेल वेगळ्या छोट्या डब्यात असतं, तेही बघायला सांगा. आणि सीव्हीटीमध्ये सीव्हीटीचंच तेल, दुसरं काही नाही.

‘नव्वद नंबर टाका’ एवढं पुरत नाही

डब्यावर ८०डब्ल्यू-९० असा जाडीचा आकडा असतो, शिवाय जीएल-४ किंवा जीएल-५ असंही लिहिलेलं असतं. मागच्या डिफरन्शियलचे दात एकमेकांवर दाबाने घासतात, म्हणून तिथे सहसा जीएल-५ लागतं. त्यातली जास्त रसायनं काही मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना त्रास देऊ शकतात. म्हणून उरलेलं डिफरन्शियलचं तेल गिअरबॉक्समध्ये ढकलायचं नाही. पुस्तकात जे लिहिलंय तेच.

पावसाळ्यात एक जास्तीची तपासणी

२०१९चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवा, २०२१चा चिपळूणचा आठवा. तेवढं पाणी कशाला, भरलेला सबवे पुरतो. डिफरन्शियल चालून गरम झालेला असतो. तो एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरच्या किंवा सीलच्या वाटेने पाणी आत खेचलं जातं. बाहेरून काही कळत नाही. अॅक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर प्लग खोलून तेलाचा रंग बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला.

घरबसल्या काय करता येईल?

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग कुठे पडलाय बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो. मागच्या गोळ्याखाली डाग असेल तर पिनियन सील तपासून घ्या. मागच्या चाकाची आतली बाजू तेलकट असेल तर थांबूच नका. अॅक्सलचं सील गेलेलं असू शकतं आणि ते तेल ब्रेक शूवर उतरतं. मग प्रश्न खर्चाचा राहत नाही, घाटात ब्रेक लागण्याचा होतो.

काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या.

आता मामा काय करतो माहितीये? प्रत्येक सर्व्हिसिंगला तो मिस्त्रींना म्हणतो, “दादा, गिअरबॉक्स आणि मागचा प्लग माझ्यासमोर खोला.” पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळी तुम्हीही हे वाक्य म्हणा, आणि करंगळीला तेल लागलं की नाही ते कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या भागात!