कालिंदीने काही लपवलं नाही

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर म्हटलं की आधी ज्ञानकोशच आठवतो. तेवीस खंडांचं ते काम आहेच तेवढं मोठं. पण त्याच माणसाने कादंबऱ्याही लिहिल्या, हे आमच्या भागातही फारसं कुणाला ठाऊक नसतं. केतकरांचं शालेय शिक्षण अमरावतीत झालं, म्हणजे ते तसे आपल्या जिल्ह्याचेच. त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ १९३० साली प्रसिद्ध झाली. चांदूर बाजारला आमच्या घरी तिची एक प्रत होती. पाठचं पान गेलेलं, शिवण उसवलेली, आणि हळदीच्या बोटांचे डाग पडलेली. हे डाग माझ्या आत्याचे. स्वयंपाक करता करता ती वाचायची.

कालिंदी कोण?

कालिंदी डग्गे ही शिकलेली मुलगी. वडील आप्पासाहेब ब्राह्मण, सुधारक मताचे. आई शांता, तिचा जन्म मात्र कलावंतिणीच्या पोटचा. आप्पासाहेबांनी लग्न धीटपणे केलं, पण त्याची किंमत पुढच्या पिढीकडे आली. घराचं वळण ब्राह्मणी, नाव ब्राह्मणी, आणि सोयरीक करायची वेळ आली की कुणी दारात उभं राहत नाही. पुस्तकाचं नाव इथूनच टोचायला लागतं. ब्राह्मणाची कन्या, पण ब्राह्मण म्हणून तिला पदरात घेणारं कुणी नाही.

कालिंदी घर सोडते आणि शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याजवळ, लग्नाची गाठ न बांधता, राहू लागते. तिला मूल होतं. तो संसार टिकत नाही. पुढे मजुरांच्या चळवळीत काम करणारे रामराव तिच्या आयुष्यात येतात आणि त्यांच्याशी ती लग्न करते. गोष्ट एवढीच. पण १९३० साली ही गोष्ट छापायला काळीज लागत होतं.

कायदा कुठे होता?

आजच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो: कालिंदी आणि शिवशरणप्पांनी सरळ लग्न का केलं नाही? त्या काळचा कायदा पाहिला की वाट किती अरुंद होती ते कळतं. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ‘मी हिंदू नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांची त्यातून सुटका झाली, तरी अशा लग्नानंतर एकत्र कुटुंबापासून माणूस तोडलाच जाई. धार्मिक विधीने लावलेल्या आंतरजातीय लग्नाला सरसकट कायदेशीर मान्यता मिळाली ती १९४९ साली. तोवर बाई वरच्या मानलेल्या जातीची आणि पुरुष खालच्या, असं प्रतिलोम लग्न कोर्टात टिकत नसे. कालिंदीच्या बाबतीत तर तिची जात कोणती, इथूनच वाद.

प्रेम आणि खरेपणा

तिच्या निर्णयाचं समर्थन करा किंवा करू नका. मला स्वतःला तो घाईचा वाटतो, दुखावलेल्या मनाने घेतलेला वाटतो. पण ती स्वतःच्या नात्याला खोटं नाव देत नाही. तिने एखाद्या देवळात हार घालून ‘लग्न झालं’ असं म्हटलं असतं, तर निम्म्या लोकांनी डोळेझाक केली असती. जगाने जे नाव ठेवलं ते ती अंगावर घेते. पोराचा बाप कोण, हेही तिला झाकून ठेवायचं नसतं.

आत्याचं लग्न सोळाव्या वर्षी झालेलं. ओसरीत संत्र्यांचे ढीग निवडता निवडता तिने एकदा मला म्हटलं होतं, “चुकली असंन ते पोरगी. पन तिनं काई लपवलं नाई.” या कादंबरीवर मी पुढे बरंच वाचलं. एवढं नेमकं कुणी म्हटलेलं मला आढळलं नाही.

जेन आणि कालिंदी

शार्लट ब्रॉन्टीची ‘जेन एअर’ १८४७ ची. रॉचेस्टरची बायको जिवंत आहे हे लग्नाच्या दिवशी कळतं, तेव्हा जेन त्याच्यावर जीव असूनही घर सोडून जाते. त्याची ठेवलेली बाई होणं तिला मंजूर नसतं. जेन ज्या नात्याला नकार देते, त्यात कालिंदी उघड्या डोळ्यांनी शिरते. वरवर दोघी एकमेकींच्या उलट. पण मला त्या बहिणी वाटतात. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याच्यापुढे स्वतःला लहान करायचं नाही, हा हट्ट दोघींचा. फरक एक आहे. जेनला पुढे काकाची वीस हजार पौंडांची इस्टेट मिळते. ती चौघांत वाटून घेऊनही तिला आधार राहतो. कालिंदीला अशी इस्टेट नाही.

केतकरांचं घर

केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले. जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी तिथे काम केलं. परतताना ते लंडनला थांबले, आणि तिथे त्यांची एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली. १९२० साली व्रात्यस्तोम विधीने तिला हिंदू धर्मात घेऊन त्यांनी लग्न केलं. ती शीलवतीबाई झाली. कोण आपलं, कोण परकं, हे कोण ठरवतं, हा प्रश्न या माणसाच्या स्वतःच्या माजघरात होता.

आणि तो एकट्या केतकरांच्या घरातला नव्हता. कादंबरीच्या तीन वर्षं आधी, १९२७ साली, आमच्याच जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं होतं. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. असं घर अमरावतीत डोळ्यांसमोर असताना कालिंदी वऱ्हाडी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही.

वाचताना

ही कादंबरी सफाईदार नाही, हे आधीच सांगते. पात्रं बोलता बोलता व्याख्यान देऊ लागतात, कथा थांबते, समाजशास्त्र सुरू होतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने अशी पानं भरभर उलटावीत, कालिंदीचा माग सोडू नये. नंतर दुर्गा भागवतांचं ‘केतकरी कादंबरी’ हाती घ्यावं आणि वगळलेली पानं पुन्हा वाचावीत. आत्याने ती वगळली नव्हती. हळदीचे डाग सगळ्यांत जास्त तिथेच आहेत.