पेणच्या एखाद्या शेडमध्ये कोंबड्या मरायला लागल्या, तर पुढे नेमकं काय होतं?

समजा, पेण तालुक्यातल्या एका पोल्ट्री शेडमध्ये सकाळी तीस कोंबड्या मेलेल्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी दीडशे. मालकापुढे दोन रस्ते असतात. एक, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा. दोन, गुपचूप खड्डा खणायचा आणि उरलेला माल गाडीत भरून वडखळ नाक्यावरून मुंबईला रवाना करायचा.

हा माणूस पहिला रस्ता का निवडेल, यावर डोकं खपवणारं एक आख्खं कन्सल्टिंगचं क्षेत्र जगात आहे. प्राण्यांच्या साथींसाठी आधीच तयारी करणं आणि जैविक धोके कमी करणं, हे त्यांचं काम. नाव ऐकून हॉलिवूडचा पिक्चर वाटतो. प्रत्यक्षात चुना, जेसीबी आणि नुकसानभरपाईच्या फाइली यातच बराच वेळ जातो.

आणि हे काही लांबचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला बर्ड फ्लू सापडला. हो, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर तेच.

अशा वेळी काय होतं? मेलेल्या पक्ष्यांचे नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात आणि शेवटचा शिक्का भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेचा लागतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि त्यातल्या कोंबड्या मारल्या जातात. आजारीच नाही, धडधाकटसुद्धा. अंडी आणि खाद्यही नष्ट करतात. दहा किलोमीटरपर्यंत निगराणी असते.

आता खरी मेख. केंद्राच्या २०२१ च्या दरांनुसार मारलेल्या कोंबडीमागे अंड्यांच्या मोठ्या पक्ष्याला ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला ७० आणि पिल्लाला २० रुपये ठरले होते. पण हे पैसे सरकारने मारलेल्या कोंबडीचे. रोगाने आधीच मेली, तिचे नाहीत. म्हणजे मालक 'मानमोडी असेल, बघू उद्या' म्हणत जितके दिवस थांबतो, तितकी त्याची भरपाई घटत जाते. ही साधी गोष्ट गावात साथ यायच्या आधी किती जणांना माहीत असते? माझ्या मते सगळ्या तयारीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

महाराष्ट्राला याचा पहिला धडा नंदुरबारच्या नवापूरने दिला. फेब्रुवारी २००६, देशातला कोंबड्यांमधला पहिला एच५एन१. काही लाख पक्षी मारावे लागले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या. २०२२ मध्ये लम्पी आला. तेव्हा राज्याने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले. इथे जनावर मेल्यावर पैसे, कोंबडीत मारल्यावर. गोंधळ होणारच.

मग कन्सल्टंट काय करतात? यात निवृत्त पशुवैद्यक असतात, साथरोगतज्ज्ञ असतात, प्रयोगशाळेच्या सुरक्षेचे इंजिनियर असतात. ते अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवतात आणि खोटी साथ सुरू करतात. 'शनिवार रात्र आहे, रोह्यात मरतूक वाढलीय, पीपीई किट किती आहेत? कुठे आहेत? कुलपाची किल्ली कोणाकडे?' कागदावरची योजना अशा किल्लीपाशी अडकते.

पेण आणि रोह्याचं उदाहरण घेतलं, तर स्थानिक प्रश्न लगेच दिसतात. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, हा नियम. पण पेणच्या खारेपाटात थोडं खणलं की पाणी लागतं. तिथे पुरायचं कुठे? ऐन पावसाळ्यात, अंबा आणि कुंडलिका फुगलेल्या असताना काय करायचं? मुंबई-गोवा हायवेवरून जाणाऱ्या कोंबड्यांच्या गाड्या, अंड्यांचे ट्रे, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणारे बूट, रोग यांच्यावर बसूनही फिरतो. पुण्या-दिल्लीत लिहिलेल्या योजनेत हे सगळं येत नाही, ते इथे येऊनच लिहावं लागतं.

'जैविक धोका' या शब्दाचा दुसरा अर्थही आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी शत्रूच्या घोड्यांना अँथ्रॅक्स आणि ग्लँडर्सची लागण करण्याचा उद्योग केला होता. म्हणून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये कोणते जंतू आहेत, दार कोण उघडतं, नोंद कोण ठेवतं, हेही याच लोकांचं काम. आपल्या आजोबा-पणजोबांना धडकी भरवणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, देवीनंतर संपवलेला हा दुसराच रोग. पण विषाणू कुप्यांमध्ये उरलाच. ब्रिटनच्या पिरब्राइट संस्थेने आपला साठा २०१९ मध्ये नष्ट केला.

गंमत म्हणजे १९२० मध्ये भारताकडून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियममध्ये थांबली आणि तिथे बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिसला जी संस्था उभी राहिली, तीच आजची जागतिक प्राणी आरोग्य संघटना.

पैशांचं म्हणाल, तर जागतिक पँडेमिक फंडातून भारताला प्राणी आरोग्यासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झालेत. तो प्रकल्प ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. प्रयोगशाळा, निगराणी, प्रशिक्षण यावर तो खर्च होणार आहे.

पण एक गाठ त्यानेही सुटत नाही. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं असतं. शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी मारले की भरपाई पक्ष्याची मिळते. त्यानंतर निर्जंतुकीकरणाचं सर्टिफिकेट येईपर्यंत नवी बॅच टाकता येत नाही. तोवर शेड रिकामी आणि कर्जाचा हप्ता चालू. 'फोन करू की खड्डा खणू' हा हिशेब तो माणूस याच आकड्यांवर करतो.

बाकी, तुमच्या गावात कोंबड्या किंवा कावळे अचानक मरताना दिसले, तर हात लावू नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावर आजारी असेल, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे.