घाट चढून आलेल्या कॅनडाच्या मोटारी

खंडाळ्याच्या घाटांत मोटार दिसली तर त्यांत नवल तें काय? द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाल्यापासून तर मोटारी इतक्या वेगानें जातात कीं, त्यांचा रंगही नीट ध्यानांत राहत नाहीं. परंतु गेल्या हिंवाळ्यांत एका रविवारीं आम्ही चौघे विद्यार्थी राजमाची पॉइंटपाशीं उभे असतां जुन्या रस्त्यानें एक मोटार अशा संथपणें वर आली कीं, तिच्या बरोबरीनें एखादा गुराखीही सहज चालला असता. तिला कापडी टप होता, लाकडी आऱ्यांचीं चाकें होतीं, आणि रेडिएटरच्या तोंडांतून वाफेचा लोट निघत होता. मालक वृद्ध गृहस्थ होते. ते खालीं उतरले व पाण्याचा डबा शोधूं लागले. आम्हीं धांवत जाऊन पाणी आणून दिलें, आणि त्या पाण्याच्या मोबदल्यांत आम्हांस जी माहिती मिळाली ती येथें देत आहों.

गाडी फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ होती. ‘म्हणजे अमेरिकेची ना, आजोबा?’ असें आम्हीं विचारतांच ते हंसले. ‘सर्वजण तसेंच समजतात. पण बाळांनो, ही कॅनडाची आहे.’

घरीं येऊन आम्हीं नकाशा उघडला व शाळेच्या ग्रंथालयांतील पुस्तकें चाळलीं. डेट्रॉइट नदीच्या एका तीरावर अमेरिकेचें डेट्रॉइट शहर आहे व दुसऱ्या तीरावर कॅनडांतील विंडसर. (गंमत अशी कीं, येथें कॅनडा अमेरिकेच्या दक्षिणेस येतो, आमच्यांतील एकानें यावर पैज लावली व ती हरली!) विंडसरला लागून असलेल्या वॉकरव्हिल गांवीं १९०४ सालीं कॅनडाची फोर्ड कंपनी निघाली. परदेशी मोटारींवर कॅनडांत शेंकडा ३५ जकात असे. ती चुकविण्यासाठीं नदीपलीकडून सुटे भाग आणून मोटारी कॅनडांतच जोडण्याची ही युक्ति होती. शिवाय ग्रेट ब्रिटन व आयर्लंड वगळून ब्रिटिश साम्राज्यांत फोर्ड गाड्या विकण्याचा हक्क या कॅनडाच्या कंपनीकडे आला. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनें वाहन हांकतात, म्हणून हांकणाऱ्याची जागा उजवीकडे हवी. अमेरिकेंत ती डावीकडे असे. उजव्या बाजूच्या गाड्या बांधण्याचें काम अशा रीतीनें कॅनडाच्या वांट्यास आलें. १९२६ सालीं हिंदुस्थानांत फोर्डची जी शाखा निघाली ती या कॅनडाच्या कंपनीचीच होय. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें शेव्हरोलेट गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. त्या कंपनीचें कॅनडांतील घर ओशावा येथें. तेथील मॅक्लॉफ्लिन-ब्यूइक गाडी इतकी नांवाजलेली होती कीं, आठव्या एडवर्ड बादशहांनीं १९३६ सालीं आपल्यासाठीं तीच मागविली.

दुसऱ्या महायुद्धांत कॅनडानें आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनें बांधलीं. हिंदी सैन्यासाठीं ‘टाटानगर’ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ज्या चिलखती गाड्या झाल्या, त्यांचें पोलाद जमशेदपूरचें असलें तरी खालचा सांगाडा कॅनडाच्या फोर्डचाच होता. पुढें १९५३ सालीं भारत सरकारनें ठरविलें कीं, नुसते परदेशी भाग जोडणाऱ्यांनीं गाडी येथेंच बनवावी, नाहीं तर काम बंद करावें. तेव्हां फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनींही आपला पसारा आवरला. आमच्याच मावळांत, तळेगांवीं, जनरल मोटर्सनें २००८ सालीं पुन्हां शेव्हरोलेट गाड्यांचा कारखाना थाटला होता. २०२० च्या अखेरीस तोही बंद पडला व नंतर ह्युंदाई कंपनीनें घेतला.

आतां पुन्हां घाटांत येऊं. या गाडीस पाणी फिरविणारा पंप नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, रेडिएटरमध्यें निवून जड होतें व खालीं उतरतें. पदार्थविज्ञानाच्या तासास आम्हीं चंचुपात्रांत जें पाहिलें तेंच हें. लांब चढणीवर एवढ्यानें भागत नाहीं, म्हणून वाफ! पेट्रोललाही पंप नाहीं. टाकी बैठकीखालीं असून पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनानें इंजिनाकडे वाहतें. उभ्या चढणीवर गाडीचें नाक वर झालें आणि टाकींत पेट्रोल थोडें असलें कीं तें पुढें पोंचत नाहीं व इंजिन बंद पडतें. अशा वेळीं हांकणारे गाडी फिरवून उलट्या चालीनें टेंकडी चढत. उलट्या चालीचा जोरही अधिक असे. आम्हांस हें ऐकून प्रथम हंसूं आलें, पण १८६३ सालीं याच बोरघाटांत लोहमार्ग झाला तेव्हां आगगाडीसही मध्यें एका स्थानकावर तोंड फिरवून उलट दिशेनें वर यावें लागे, हें आठवून आम्ही गप्प बसलों.

अशा गाडीच्या मागें एखाद्यानें वर्षानुवर्षें कां लागावें? आजोबांचें उत्तर सरळ होतें. या यंत्रांत झांकलेलें असें कांहीं नाहीं. साध्या पान्यांनीं तें सगळें उकलतां येतें आणि पुन्हां जुळवितां येतें. अमेरिकेंत या गाडीचे भाग आजही नवे बनवून मिळतात. मात्र कॅनडाच्या उजव्या हाताच्या गाडीस लागणारे कांहीं भाग त्यांत सांपडत नाहींत. ते मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत धुंडाळावे लागतात, नाहीं तर नमुना देऊन घडवून घ्यावे लागतात. आमच्या मतें खरी गोडी या धुंडाळण्यांतच असावी.

गाडी कॅनडाची हें ओळखावें कसें? इंजिनावरील क्रमांकाच्या आधीं ‘सी’ हें अक्षर असतें. दुसरी खूण याहून मौजेची आहे. कॅनडांत पी. एल. रॉबर्ट्सन नांवाचा एक फिरता विक्रेता होता. लोकांस हत्यार दाखवीत असतां स्क्रू-ड्रायव्हर खांचेंतून निसटून त्याचा हात कापला. तेव्हां त्यानें चौकोनी भोकाचा स्क्रू योजिला, कीं ज्यांतून हत्यार निसटूंच नये. १९०८ सालीं मिल्टन गांवीं त्याचा कारखाना निघाला. कॅनडांत बांधलेल्या फोर्डच्या लाकडी सांगाड्यांत हे स्क्रू शेंकड्यांनीं बसविले जात. फोर्डनें ते स्वतः बनविण्याचा परवाना मागितला, पण रॉबर्ट्सननें तो दिला नाहीं, असें सांगतात. म्हणून ही खूण बहुतांशीं कॅनडापुरतीच राहिली.

हें सांगतांना आजोबांचा आवाज उतरला. सांगाड्याचें लांकूड कुजलें होतें म्हणून त्यांनीं गाडी एका मिस्त्र्याकडे दिली होती. काम उत्तम झालें, पण जुने गंजके स्क्रू निरुपयोगी समजून मिस्त्र्यानें भंगारांत टाकले व नवे चकचकीत बसविले. त्याचा तरी काय दोष? त्या भोकास बसेल असें हत्यारच त्याच्यापाशीं नव्हतें! पण ज्यावरून तिचें जन्मगांव ओळखावें तें एका दुपारींत गेलें. जुन्या गाडीस इतकी झळाळी द्यावी कीं तिला स्वतःचेंच कांहीं उरूं नये, हें आम्हांस तरी पटत नाहीं. सरकारनें २०२१ सालीं जुन्या गाड्यांसाठीं जे नियम केले त्यांतही हेंच धोरण दिसतें. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपांत राखलेली, धंद्यासाठीं न वापरली जाणारी गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या क्रमांकानें नोंदवितां येते. पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, आणि ती रोजच्या कामास वापरतां येत नाहीं.

‘मग एकही स्क्रू राहिला नाहीं?’ आम्हीं विचारलें. आजोबांनीं मागचें डावें दार उघडलें. मिस्त्र्याच्या हाताखालच्या पोरानें चौकोनी भोकांची मौज वाटून मूठभर स्क्रू खेळावयास ठेवले होते. त्यांतले अकरा चांगले निघाले. ते त्या दारांत बसविले आहेत. आम्हीं बोट लावून एकेक मोजला. तेवढ्यांत इंजिन निवलें, आजोबांनीं पुढें जाऊन हँडल मारलें, आणि गाडी लोणावळ्याच्या दिशेनें निघाली.